वाड्यात लग्न करायचं तर आधी चौक मोजा

जुन्या वाड्यात लग्न लावायचं ठरलं की घरात पहिली चर्चा तोरणांची होते. खरं तर ती शेवटी यायला हवी. सागवानी खांब, कडीपाट (लाकडी कड्यांवर पाट टाकलेलं छत), दगडी जोतं आणि चौकातलं वृंदावन एवढं असताना सजावटीला फारसं काही उरतच नाही. वाडा तुमचं लग्न पेलेल का, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर टेप घेऊन गेल्यावरच मिळतं.

मालकाच्या तोंडची माणसांची संख्या धरू नका. जोत्याच्या आतल्या कडेपासून समोरच्या कडेपर्यंत चौक स्वतः मोजा. समजा तो ३० × ४० फूट, म्हणजे १२०० चौरस फूट भरला. बोहल्याला १२ × १२ धरले की १४४ गेले. बोहल्यासमोरची मोकळी जागा आणि कडेची येण्याजाण्याची वाट मिळून अडीचशे जातात. राहिले आठशे. वाटेसकट एका खुर्चीला ८ चौरस फूट लागतात, म्हणजे शंभर खुर्च्या. भोवतालच्या ओसरीवर आणखी तीस-चाळीस मंडळी बसतील, पण खांबाआड बसलेल्यांना नवरा-नवरी दिसणार नाहीत. अशा चौकात दीडशेंचं लग्न नीट होतं, दोनशेंचं चेपून होतं, तीनशेंचं होत नाही. मध्ये वृंदावन असेल तर त्याचे चार बाय चार फूट आधीच वजा करा. त्यावर ताटं-पिशव्या ठेवल्या जाणार नाहीत, हेही आधीच सांगून ठेवा.

पंगतीचा हिशोब वेगळा. एका पानाला लांबीत दोन फूट लागतात. रुंदीत पाट आणि पान मिळून चार फूट, वाढप्याला पुढे तीन फूट. ओसरी निदान सात-आठ फूट रुंद असेल तरच तिथे पंगत बसते. वरच्याच चौकाभोवती ओसरी असेल तर चाळीस फुटांच्या बाजूंना वीस-वीस पानं आणि तीस फुटांच्या बाजूंना बारा-बारा. दारं नि जिन्याची तोंडं सोडून साठ पानं धरा. दीडशे माणसांना तीन पंगती आणि प्रत्येकीला पानं उचलून फरशी पुसण्यासकट पाऊण तास. साडेबाराचा मुहूर्त असेल तर शेवटची पंगत तीनला उठेल. हे घरच्यांना आधी सांगा, म्हणजे दीड वाजता कोणी स्वयंपाक्यावर डाफरणार नाही.

वाडा किती धडधाकट आहे

खांब जिथे दगडी तळखड्यावर बसतो तिथे पहिल्यांदा बघा, कारण ओल आणि वाळवी तिथून वर चढते. नाण्याने किंवा किल्लीने ठोका. भरीव लाकूड टणक वाजतं, पोखरलेलं पोकळ. मग वर बघा. कडीपाटातली एखादी कडी मध्यात झुकली आहे का, पाटांच्या फटींतून माती गळते का? गळत असेल तर वरच्या मजल्यावर माणसं चढवायची नाहीत. कडी धड असली तरी माडीवर नाच नकोच. बसलेल्या माणसांचा भार कड्या एकवेळ सोसतील, पण तीसजण एका ठेक्यावर उड्या मारायला लागले की तो हादरा वेगळा असतो. वाड्याचं स्ट्रक्चरल ऑडिट अलीकडचं आहे का आणि महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस कधी आली होती का, हे दोन प्रश्न तोंडावर विचारा. उत्तर टाळलं गेलं तर दुसरा वाडा बघा.

जिने बहुधा भिंतीच्या जाडीत, अरुंद आणि अंधारे असतात. फोटोवाले नवरीला तिथे उभं करतातच, तेव्हा दर तीन पायऱ्यांना एक छोटा दिवा लावा. मोठा दरवाजा पूर्ण उघडतो का तेही बघा. कित्येक ठिकाणी बिजागऱ्या गंजून फक्त दिंडी, म्हणजे त्यातलं छोटं दार, उघडते आणि त्यातून वाकून माणूस आत येतो, बोहल्याचं सामान येत नाही. चाकाच्या खुर्चीतून कोणी येणार असेल तर उंबरठ्याच्या दर इंचाला एक फूट उतार लागतो, म्हणजे सहा इंचांच्या उंबरठ्याला सहा फूट लांबीची फळी.

आढी, वळचणी आणि समोरच्या झाडावर मोहोळ आहे का, हे कोणी बघत नाही आणि नेमकं तेच अंगाशी येतं. लाजाहोमाचा धूर वर गेला की माश्या उठतात. मोहोळ दिसलं तर आठ-दहा दिवस आधी जाणकार माणसाकडून हलवून घ्या, आदल्या रात्री धूर करून नव्हे.

आता पाऊस. मे महिन्यात वळीव दुपारनंतर येतो आणि वाड्याची आतली छपरं बहुतेकदा चौकाकडेच उतरती असतात. चौकावर नुसतं कापड ताणलं तर चारी छपरांचं पाणी त्यात साठून ते मधोमध फाटतं. ताडपत्री पन्हाळीच्या बाहेरपर्यंत आणि एका बाजूला दीड-दोन फूट उतरती हवी. तिचे खांब फरशीत ठोकायचे नाहीत, वाळूच्या गोणींवर उभे करायचे. चौकाची मोरी वाहते का, हे दहा बादल्या एकदम ओतून बघा. पाच मिनिटांत पाणी गेलं नाही तर ती आधी साफ करून घ्या.

वीज, पाणी, परवानग्या

मोठे स्टँडचे पंधरा पंखे १.८ किलोवॅट, ध्वनियंत्रणा २, एलईडी दिवे दीड, तयार होण्याच्या दोन खोल्यांतले एसी साडेतीन, चहाचा बॉयलर आणि स्वयंपाक्याचे मिक्सर तीन. बेरीज बारा किलोवॅटच्या आसपास, म्हणजे २३० व्होल्टला पन्नासेक अँपिअर. वाड्याची जुनी वायरिंग आणि सिंगल फेज मीटर हे ओढत नाही. फ्यूज उडाला तर नशीब, कारण कधी कधी लाकडाला चिकटलेली वायर तापत राहते. २५ केव्हीएचा जनरेटर भाड्याने घ्या, तो रस्त्याकडे ठेवा आणि वाड्याच्या वायरिंगवर फक्त रोजचे दिवे ठेवा. हॅलोजन अजिबात नको. वाळलेल्या सागापासून हातभर अंतरावर पाचशे वॅटचा हॅलोजन म्हणजे शेगडीच. पिवळसर, २७०० केल्विनचे एलईडी लाकडावर छान दिसतात. पांढऱ्या प्रकाशात तोच वाडा तहसील कचेरीसारखा दिसतो.

स्वयंपाक परसात. १९ किलोचे सिलिंडर वाड्याच्या आत येऊ देऊ नका. पाणी माणशी पंचवीस लिटर धरा, दीडशेंना चार हजार लिटरच्या आत भागतं. टँकर गल्लीत शिरतो का, ते मात्र बघून ठेवा. पन्नास माणसांमागे एक संडास हवा. वाड्यात बहुधा दोनच असतात आणि त्यातला एक लांब.

ध्वनिक्षेपकासाठी पोलिसांची परवानगी लागते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्यावर रात्री १० नंतर तो बंद. चौक तीन-चार बाजूंनी बंद असल्याने आवाज घुमतो, म्हणून दीडशे माणसांना सनई-चौघडा विनामाईक पुरतो. शनिवारवाड्यासारखी केंद्रीय संरक्षित स्मारकं मात्र डोक्यातून काढून टाका. तिथे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय मेजवानी किंवा समारंभ करता येत नाही. खासगी मालकीचे वाडेच बघा आणि करारात जागा आदल्या संध्याकाळपासून ताब्यात मिळेल असं लिहून घ्या.

होम चौकातच, उघड्या आकाशाखाली. वर सावलीचं कापड असेल तर कुंडाच्या वरचा भाग मोकळा सोडा. कुंडाखाली वाळूचा थर आणि त्यावर विटांचे दोन थर द्या, नाहीतर शहाबादी फरशी तापून तडकते. सहा किलोचे दोन अग्निशामक आणि वाळूच्या दोन बादल्या दिसतील अशा ठेवा. फुलांच्या आड लपवू नका.

घरच्या खुणा

इथे मोह आवरा. दोन-तीन गोष्टी मनापासून केल्या तर पुरतात.

आजीच्या जुन्या नऊवारीचा अंतरपाट ही त्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट, पण जुनं रेशीम घड्यांवर कुजलेलं असतं. लुगडं उजेडासमोर धरा. घडीच्या रेघेतून उजेड आला तर तो भाग वापरू नका. दोन मीटरचा धड तुकडा काढा. उंचीला लुगड्याचा पन्हा पुरतो. मागून मऊ मलमलचं अस्तर लावा, मात्र ते आधी धुऊन आटवून घ्या, नाहीतर नंतर आक्रसून रेशमाला चुण्या पडतात. अंतरपाट फाटतो तो धरणाऱ्यांच्या मुठीत. म्हणून दोन्ही टोकांना चार इंची सुती पट्टीचा नेफा शिवा आणि त्यात गुळगुळीत काठी घाला. ताण काठीवर येतो, रेशमावर नाही. कुंकवाचं स्वस्तिक थेट रेशमावर काढण्याऐवजी वेगळ्या कापडावर काढून टाचलं तर तोच अंतरपाट पुढच्या लग्नालाही चालतो.

मंगलाष्टकं घरच्यांनी रचायची असतील तर वृत्त सांभाळा. शार्दूलविक्रीडितात ओळीला १९ अक्षरं आणि बाराव्यावर यती, म्हणजे थांबा, असतो. गण म, स, ज, स, त, त आणि शेवटी गुरू. लघू-गुरूंत मांडायचं तर पहिली तीन अक्षरं गुरू, मग लघू लघू गुरू, लघू गुरू लघू, लघू लघू गुरू. यतीनंतर गुरू गुरू लघू, गुरू गुरू लघू, गुरू. ‘कुर्यात् सदा मंगलम्’ ही सात अक्षरं यतीनंतरच्या जागेत चपखल बसतात, म्हणून चौथ्या चरणात तुमच्या हाताशी फक्त बारा उरतात. नावं बसवताना घोळ होतो. ‘सुमती’ लघू लघू गुरू आहे, ती चौथ्या किंवा दहाव्या अक्षरापासून बसते. ‘शारदा’ गुरू लघू गुरू, या बारांत तिला सहावं अक्षर गाठावं लागतं. ओळीच्या सुरुवातीला कोंबली तर गाणारा अडखळतो आणि सगळ्यांना कळतं. एका मंगलाष्टकाला मिनिटभर लागतं. प्रत्येक आत्या-मावशीला आपलं म्हणायचं असतं, तेव्हा यादी आठ-नवांवर थांबवा आणि गुरुजींना आधी दाखवा. मुहूर्ताचा क्षण शेवटच्या ‘सावधान’शी जुळवायचा असल्याने सुरुवात कधी करायची ते त्यांनाच ठरवू द्या.

पत्रिका मोडी लिपीत हवी असेल तर खाली देवनागरी मजकूर आणि वाड्याचा पूर्ण पत्ता द्याच. विवाहनोंदणीच्या वेळी पत्रिका जोडतात आणि नुसती मोडी तिथे कोणी वाचणार नाही. १९९८ च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे नोंदणी ९० दिवसांत करायची, अर्जावर तीन साक्षीदार लागतात. गुरुजींची सही त्याच दिवशी घेऊन ठेवा. मोडी मजकूर जाणकाराकडून तपासल्याशिवाय छापू नका. आडनावातली चूक चारशे प्रतींवर उमटते.

रुखवतात घरातला बंब, फिरकीचा तांब्या, पानपुडा, अडकित्ता मांडा. भांडी दोन दिवस आधी चिंचेने घासा, लगेच धुऊन कोरडी पुसा. पाण्याचा थेंब राहिला की सकाळी काळा डाग दिसतो. आणि एक सक्त सूचना: पितळी घंगाळात मठ्ठा छान दिसतो म्हणून ओतू नका. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत आंबट पदार्थ कळकतो, पोटं बिघडतात. कल्हई करून घ्या किंवा आत स्टीलचं पातेलं बसवा.

बांधणं, उधळणं, आवरणं

खांबांना खिळा किंवा चिकटपट्टी लावायची नाही. आधी जुन्या धोतराची पट्टी गुंडाळा, वर सुतळी. झेंडूच्या ओल्या माळा चुन्याच्या भिंतीला टेकल्या की पिवळे ओघळ कायमचे राहतात, म्हणून माळा भिंतीपासून बोटभर दूर लोंबत्या ठेवा. थर्माकोलची मखरं मागवू नका. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, आणि वाड्यात ती शोभतही नाहीत.

अक्षता माणशी दहा ग्रॅम पुरतात, दीडशेंना दीड किलो. कागदाच्या पुड्या ओसरीवर ठेवल्या की लोक मुठी भरून घेत नाहीत. गुळगुळीत फरशीवरचे तांदूळ चपलेखाली गोट्यांसारखे घरंगळतात. फुलांच्या ओल्या पाकळ्या त्याहून निसरड्या. म्हणून अंतरपाट दूर होताच, आहेराची रांग लागण्याआधी, केरसुणी घेतलेली दोन माणसं तयार हवीत. हळद चौकात असेल तर खाली ताडपत्री आणि तीवर जुनी चादर. समया परातीतच.

एवढं करूनही तेल सांडतंच. टिपून घ्या, चोळू नका. मुलतानी मातीचा घट्ट लगदा डागावर अर्धा इंच थापा, रात्रभर वाळू द्या आणि सकाळी लाकडी पट्टीने खरवडा. डाग राहिला तर पुन्हा तेच. सफाईवाले फरशीचं ॲसिड घेऊन येतात, त्यांना दारातच थांबवा. शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे. त्यावर ॲसिड फेसाळतं आणि पांढुरका चट्टा सोडतं, तो मग निघत नाही. भांडी घासलेली चिंचसुद्धा त्याच कारणाने चौकात नको, परसातच.