ब्रिटिश काळापासूनची सोलापूरची लोकसंख्यावाढ: आकडे जुळवायचे कसे

जनगणनेचे जुने खंड जनगणना खात्याच्या डिजिटल ग्रंथालयात फुकट वाचता येतात. शोधताना इंग्रजी स्पेलिंग ‘शोलापूर’ (Sholapur) असं टाका, ब्रिटिशांच्या कागदांत तसंच आहे. वहीत तीन रकाने आखा: वर्ष, लोकसंख्या आणि हद्द. खरी चूक होते ती तिसरा रकाना कोरा सोडल्यामुळे.

शहराचंच बघा. १९९१ मध्ये ६,०४,२१५ आणि २००१ मध्ये ८,७२,४७८, म्हणजे दहा वर्षांत ४४.४ टक्के वाढ. एवढी माणसं काही बाहेरून येऊन राहिली नाहीत. १९९२ मध्ये हद्दवाढ झाली आणि आजूबाजूची गावं महापालिकेत आली. तिथले रहिवासी होते तिथेच होते, फक्त बेरजेत धरले गेले. पुढच्या दशकात आकडा ९,५१,५५८ झाला, वाढ जेमतेम ९.१ टक्के. म्हणून १९९१ च्या ओळीपुढे ‘जुनी हद्द’ असं ठळक लिहून ठेवा.

जिल्ह्याचंही तेच. १९०१ ची ७,२०,९७७ ही संख्या आजच्या जिल्ह्याची नाही. अक्कलकोट तेव्हा वेगळं संस्थान होतं, त्याचे ८२,०४७ लोक मिळवले की ८,०३,०२४ होतात. मंगळवेढाही सांगली संस्थानात होतं, तेही शोधून मिळवावं लागतं. हे टाळायचं असेल तर जनगणनेचा ‘ए-२’ तक्ता घ्या. त्यात १९०१ पासूनचे आकडे नव्या हद्दींप्रमाणे बसवून दिलेले असतात.

आता दर. शहर १९०१ मध्ये ७५,२८८ होतं, २०११ पर्यंत १२.६४ पट झालं. वाढीचे १,१६४ टक्के ११० वर्षांनी भागून ‘वर्षाला साडेदहा टक्के’ असं बरेचजण लिहितात, ते साफ चूक आहे, कारण इथे चक्रवाढ चालते. १२.६४ चा १/११० वा घात काढा: १.०२३३, म्हणजे वर्षाला २.३३ टक्के. तीच रीत देशाला लावली (२३.८४ कोटींवरून सुमारे १२१ कोटी) तर दीड टक्क्याच्या आसपास येतं. शहराच्या दरात हद्दवाढीचाही वाटा आहे, हे शेजारी नोंदवा.

आलेख काढताना दोन टोकं सरळ रेषेने जोडू नका. १८९१ मध्ये जिल्हा ७,५०,६८९ होता, १९०१ मध्ये चार टक्क्यांनी घटला. मध्ये १८९९-१९०० चा दुष्काळ आहे. १९११ ते २१ मध्ये इन्फ्लुएन्झाने सगळ्या देशाचीच संख्या घटली. प्रत्येक जनगणनेचा बिंदू वेगळा मांडा आणि घट दिसली तिथे कारण लिहा.