दुसरा कोस

नगरच्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रभुभोजनाचे पेले एकशे वीस आहेत. प्रभुभोजन म्हणजे प्रभू येशूच्या आठवणीसाठी भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी. काचेचे, अंगठ्याएवढे, आत बोट जात नाही असे. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासना संपली की सगळे दारात सलाम करत, गप्पा मारत उभे राहतात आणि मी मागच्या खोलीत मोरीपाशी. द्राक्षरस तळाशी वाळला की जांभळी कड धरतो, ती नुसत्या पाण्याने सुटत नाही. हे काम मी मागून घेतलेलं नाही. आधीच्या बाई मुलाकडे पुण्याला राहायला गेल्या, मीटिंगमध्ये सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि माझ्या तोंडून "बरं" गेलं. ते "बरं" मला वर्षभर बोचत होतं.

घरसभेला येणाऱ्या मुली विचारतात, देवाची आज्ञा आनंदाने पाळा म्हणता, पण मनातच नसेल तर आनंद आणायचा कुठून? बत्तीस वर्षं शाळेत शिकवल्यामुळे विचारलं की सांगत बसायची खोड आहे. मला जमलं तेवढं सांगते.

आधी आज्ञा कुणाची ते बघून घ्या. शत्रूवर प्रीती करा, क्षमा करा, खरं बोला, उपाशी माणसाला जेवू घाला, या प्रभूच्या आज्ञा. कमिटीने काढलेली फर्मानं, नातेवाइकांच्या अपेक्षा, "आपल्यात असंच करतात" हे वेगळं गाठोडं. त्यातलं काही चांगलंही असतं, पण ते सगळं देवाच्या नावावर खपवू देऊ नका. हात उगारणाऱ्या नवऱ्याचं निमूट सोसणं म्हणजे आज्ञापालन, असं कुणी सांगितलं तर तिथून सरळ उठून या.

आज्ञा खरंच त्याची आहे असं दिसलं आणि तरी जिवावर आलं, तर कुरकुर करा. फक्त ती त्याच्यापाशीच करा, मोठ्याने, नावगाव घेऊन. बायबलातली कितीतरी स्तोत्रं गाऱ्हाण्यानेच सुरू होतात. मी मोरीपाशी उभी राहून म्हणायची, "प्रभू, एकशे वीस आहेत, आणि बाहेर चहा गार होतोय." हसू येतं खरं, पण त्याला सांगितलेली कुरकुर आंबत नाही. पोटात ठेवली की काय होतं ते प्रभूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यातल्या थोरल्या भावाकडे बघून कळतं. पैसा उधळून धाकटा घरी परतलाय, बापाने मेजवानी घातलीय. बाप स्वतः बाहेर येऊन समजूत घालतोय आणि हा इतक्या वर्षांच्या चाकरीचा हिशेब मांडतो, एकही आज्ञा मोडली नाही म्हणतो, आणि घरात गाणं-बजावणं चाललेलं असताना अंगणात फुगून उभा राहतो. योना संदेष्टाही तसाच. निनवेला गेला, संदेश दिला, सगळं शहर पश्चात्ताप करून वाचलं आणि हा रागावून गावाबाहेर जाऊन बसला. काम झालं, पण त्याचं तोंड काही खुललं नाही.

कुरकुर करून झाली की हात हलवा. मन तयार होईपर्यंत थांबायचं नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात, एकविसाव्या अध्यायात, बापाने कामाला जा म्हटलेले दोन मुलगे आहेत. एक द्राक्षमळ्यात जायला आधी चक्क नाही म्हणतो आणि मागून जातो. दुसरा "जातो, महाराज" म्हणतो आणि जात नाही. प्रभूने कौल पहिल्याच्या बाजूने दिला. गोड बोलणाऱ्यांच्या जगात मला याचा फार आधार वाटतो.

आता मुख्य गोष्ट. मत्तय 5:41 मध्ये प्रभू म्हणतो, कुणी तुला वेठीस धरून एक कोस नेलं तर त्याच्याबरोबर दोन कोस जा. वेठ हा शब्द आमच्या घरात पुस्तकातून आलेला नाही. माझ्या पणजोबांच्या पिढीला गावकामात वेठ होती. साहेब दौऱ्यावर आला की त्याचं सामान डोक्यावर घेऊन पुढच्या गावापर्यंत पोचवायचं, दाम नाही. रोमी शिपाईही पॅलेस्टाइनमध्ये लोकांना असंच धरत. शिमोन कुरेनेकराला येशूचा वधस्तंभ वाहायला धरलं, तिथे मूळ ग्रीकमध्येही हेच क्रियापद आहे. म्हणून हे वचन मी कुणाच्या तोंडावर फेकत नाही. वेठ चांगली असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. माझ्या वाचनात ते असं उतरलं, की पहिला कोस दुसऱ्याच्या मर्जीचा असतो, पण दुसऱ्या कोसावर धरणारा कुणी नसतो. तो माझ्या मर्जीचा.

तेव्हा सांगितलेल्या कामात कुणी न सांगितलेलं थोडंसं आपलं घाला, आणि तेही आपल्याला आवडतं ते. मला स्वयंपाक आवडतो. आम्ही बाटलीतला रस आणायचो. मी म्हटलं, रस मी करते. मार्चमध्ये काळी द्राक्षं स्वस्त असतात, ती उकळून गाळते. एरवी काळे मनुके रात्रभर भिजत घालते आणि सकाळी त्याच पाण्यात शिजवून फडक्यातून पिळून घेते. साखर अजिबात नाही. शनिवारी रात्री घरभर तो वास सुटला की मला आपोआप गुणगुणायला होतं. पेल्यांसाठी बाळाच्या बाटलीचा बारका ब्रश आणलाय, कोमट पाण्यात चिमूटभर सोडा टाकते, कड लगेच सुटते. आता कुणी "पाळी लावू या" म्हटलं तर मीच जरा कुरबुरते.

दुसऱ्याला मात्र घाई करू नका. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 साली. मधली पाच वर्षं त्या नवऱ्याच्या मागे फरफटत गेल्या नाहीत, स्वतःला पटलं तेव्हा आल्या. सुनेला, मुलांना उपासनेला ओढून नेणाऱ्यांनी ही पाच वर्षं आठवावीत.

पेल्यांचं तसं सोपंच होतं. माझी थोरली जाऊ आणि मी घराच्या वाटणीवरून नऊ वर्षं बोलत नव्हतो. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर, हे वचन मी वर्गात मुलांना पाठ करून घेतलेलं. फोन लावला तेव्हा हाताला घाम होता. "सलाम, वहिनी" एवढं बोलले आणि पुढे दोघी गप्प. मग त्यांच्या गुडघ्याचं विचारलं. तीन मिनिटं, झालं. आनंद वगैरे काही नाही, डोकं दुखायला लागलं. हा पहिला कोस.

दुसरा असा, की आता दर पहिल्या रविवारी पेले पुसून पंचावर पालथे घातले की तिथूनच मी त्यांना फोन लावते. त्यांचा आपणहून अजून आलेला नाही. पण हल्ली दुसऱ्या रिंगला उचलतात.