बंदूक हाताशी ठेवताना होणाऱ्या चुका

उमरेडकडच्या शेतावर रानडुकरांचा त्रास, म्हणून आमच्याकडे वडिलांपासून बारा बोरची दुनळी आहे. नागपूरच्या घरी ती वर्षानुवर्षं दिवाणात, गाद्यांखाली असायची. काडतुसं तिथेच, बिस्किटाच्या डब्यात. ‘अडीनडीला शोधत बसायचं का?’ हे बाबांचं म्हणणं. पण गाद्यांखाली चोराचा हात जातो, तसा नातवाचाही. लपवलं म्हणजे कुलूप लावलं असं होत नाही, आणि पोट्ट्यांना घरातल्या सगळ्या जागा आपल्याआधी माहीत असतात.

मग काही जण दुसरं टोक गाठतात. बंदूक तिजोरीत, तिची किल्ली कपाटात, कपाटाची देवघरात. दोन महिन्यांत कंटाळा येतो अन् बंदूक परत दिवाणात. त्यापेक्षा आकडे दाबून उघडणारं, सेलवर चालणारं एकच मजबूत लॉकर बरं. बोटांना सवय झाली की अंधारातही काही सेकंदांत उघडतं. ते भिंतीत बोल्टने पक्कं करा, नाहीतर चोर लॉकरसकट नेईल. काडतुसं शेजारी, पण वेगळ्या कुलपात. परवाना ज्याच्या नावावर, आकडा त्यालाच ठाऊक हवा. आणि तो जन्मतारखेचा नको.

लॉकर उघडतच नाही? आधी सेल बदलून पाहा. जादा किल्ली लॉकरातच ठेवून कुलूप लावणारेही असतात. हसू नका, मी ठेवली होती.

सगळ्यात घातक चूक होते ती दमून परतताना. पहाटे तीनला जागलीवरून आलं की भरलेली दुनळी तशीच आत जाते. शेतातून निघतानाच नळी बिजागरीवर खाली झुकवून उघडा, काडतुसं काढा, दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसतो का पाहा. घरी आल्यावर पुन्हा तेच. सेफ्टीचा खटका लावलाय, यावर विसंबू नका.

कागदांचं थोडक्यात: शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षं चालतो. नूतनीकरणाची तारीख लॉकरच्या दाराला आतून चिकटवा.

आणि गंज. तो पावसाळ्यातच चढतो असं नाही. आपल्याकडे मे महिन्यात दिवसरात्र कूलर चालतो, खोलीभर ओल धरते. लॉकर त्या खोलीत नको. चामड्याच्या म्यानात तर बंदूक ठेवूच नका, चामडं ओल धरून ठेवतं. तेलाचा पातळ हात आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरतात. पुड्या मात्र अधूनमधून बदला.