ब्रेकच्या भुकटीवर हवा मारू नका

निपाणीत हायवेला आमचं गॅरेज आहे. बेळगावकडून येणारे ट्रक तवंदी घाट उतरून आले की आमच्याकडे थांबतात, त्यामुळे ब्रेक आणि क्लचचंच काम जास्त. या कामाला नव्याने लागलेल्या पोरांसाठी आणि त्यांच्या मालकांसाठी हे लिहितोय. ब्रेकचा ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारं लोखंडी भांडं, काढायचा आणि आतली काळी भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवून लावायची, ही रीत मी गॅरेजागणिक बघतो. ती आधी बंद करा.

त्या भुकटीत असबेस्टॉस असू शकतं. हे जमिनीतून निघणारं तंतूंचं खनिज. उष्णता सोसतं, म्हणून लायनर (ब्रेक दाबल्यावर ड्रमला घासणारं अस्तर), क्लच प्लेट, हेड गॅस्केट, सायलेन्सरच्या सांध्यातली दोरी, सगळीकडे ते वापरलं गेलं. तंतू इतके बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत. हवेत कितीतरी वेळ तरंगतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसात खोल जाऊन बसतात. त्याने फुप्फुसं आतून निबर होत जातात, त्याला असबेस्टॉसिस म्हणतात. फुप्फुसाचा कर्करोग होतो, आणि फुप्फुसावरच्या आवरणाचाही होतो. आज गेलेल्या धुळीचा त्रास १० ते ४० वर्षांनी दिसतो, म्हणून विशीतल्या पोराला काही वाटत नाही.

भारतात असबेस्टॉसच्या खाणींचे पट्टे वाढवून देणं १९९३ मध्ये थांबलं. पण पांढरं असबेस्टॉस परदेशातून येतच राहिलं. त्यामुळे लायनर हातात घेऊन, वास घेऊन, रंग बघून काही कळत नाही. खोक्यावर ‘असबेस्टॉस-फ्री’ असं छापलेलं असेल आणि कंपनी माहितीतली असेल तर ठीक. खोकं नसलेला सुटा माल, जुनी गाडी, आधी कुणी काय बसवलंय ते माहीत नाही, अशा वेळी असबेस्टॉस आहे असंच धरून चला.

आता काम कसं करायचं ते. गाडी घाटातून आली असेल तर ड्रम पूर्ण गार होऊ द्या. ड्रायव्हर घाई करेल, करू दे. तापलेल्या ड्रमवर पाणी पडलं तर तो तडकतो. चाक काढल्यावर खाली पसरट ट्रे ठेवा. बाटलीत किंवा फवारणीच्या छोट्या पंपात पाणी घ्या आणि त्यात थोडा पातळ साबण घाला. नुसतं पाणी भुकटीवरून ओघळून जातं, साबणाने ते आत मुरतं. ड्रम थोडा सैल झाला की ओढून काढायच्या आधीच फटीतून हे पाणी आत सोडा. सावकाश, धार न मारता. प्रेशरचा पाइप वापरलात तर तंतू थेंबांबरोबर उडतात आणि सगळा खटाटोप वाया जातो. मग ड्रम काढा, शू (लायनर ज्यावर बसवतात तो भाग), हब, मागची प्लेट पुन्हा भिजवा आणि ओल्या फडक्याने पुसून घ्या. ड्रम जमिनीवर आपटून झाडू नका. वायर ब्रश लावायचाच असेल तर भाग ओला असतानाच लावा.

फडकं सुकू द्यायचं नाही. ओलं असतानाच प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत घालून तोंड बांधा, ट्रेमधला गाळही त्यातच. ती पिशवी उकिरड्यावर टाकू नका आणि जाळूही नका, बाकी कचऱ्यापासून वेगळी ठेवा आणि नगरपालिकेच्या माणसांना आत काय आहे ते सांगून द्या.

“वस्ताद, पाण्यानं गंज धरंल की,” असं पोरं म्हणतात. कोरड्या कापडाने पुसून घेतलं तर काही होत नाही. ड्रमवर जो थोडा तांबूस थर येतो तो पहिल्या चार-दोन ब्रेकला निघून जातो. बेअरिंगच्या ग्रीसमध्ये पाणी जाऊ देऊ नका, एवढं सांभाळा.

क्लचलाही हेच. गिअरबॉक्स उतरवल्यावर बेल हाउसिंगमध्ये, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचात, भुकटी साठलेली असते, तिथे आधी भिजवा आणि मगच प्रेशर प्लेटला हात लावा.

एक गोष्ट पुष्कळ मिस्त्रींना पटत नाही, पण ती महत्त्वाची आहे. झिजलेल्या भुकटीतलं बरंचसं असबेस्टॉस ब्रेकच्या उष्णतेने बदलून गेलेलं असतं. नव्या लायनरमध्ये मात्र ते जसंच्या तसं असतं. म्हणून नवा लायनर ग्राइंडरवर घासणं, पॉलिश पेपर मारणं, भोकं पाडणं हे जुनी भुकटी पुसण्यापेक्षा जास्त घातक. मापाचे, भोकं पाडलेले लायनर घ्या, नाहीतर शूसकट तयार सेट घ्या. कडा घासाव्याच लागल्या तर पाणी लावून, हाताने. जुने रिव्हेट ड्रिलने उडवू नका, लायनर भिजवून पंचने काढा.

तोंडाला बांधलेला रुमाल या तंतूंना अडवत नाही, निळा सर्जिकल मास्कही नाही. पी-१०० (अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या) फिल्टरचा रबरी मास्क लागतो. तो दाढीवर नीट बसत नाही. आणि मास्क आहे म्हणून पुन्हा हवा मारायला सुरुवात केलीत तर शेजारच्या गाडीवर काम करणाऱ्याचं काय?

झाडू मारायच्या आधी फरशी ओली करा. कामाचे कपडे गॅरेजातच बदला, झटकू नका, पिशवीत घरी न्या आणि पाण्यात बुडवूनच धुवा. ती धूळ बायकोच्या आणि अंगाला बिलगणाऱ्या लेकराच्या श्वासात जाते, हे मनात ठेवा. चहा प्यायच्या आधी हात-तोंड धुवा.

आपलं गाव तंबाखूचं, विडी इथे प्रत्येकाच्या खिशात. पण असबेस्टॉसची धूळ आणि धूम्रपान एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका नुसता वाढत नाही, कितीतरी पटीने वाढतो. या धंद्यातल्या माणसाने विडी सोडलीच पाहिजे.

चढण चढताना दम लागणं, न थांबणारा कोरडा खोकला, छाती आवळल्यासारखी वाटणं, बोटांची टोकं फुगणं, यातलं काही दिसलं तर दवाखान्यात जा. टीबीसाठी थुंकी तपासतील, ती तपासायलाच हवी. पण “मी इतकी वर्षं ब्रेक लायनरचं काम करतो” हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा, केसपेपरवर लिहून घ्या आणि छातीचा एक्स-रे व फुंकून करायची फुप्फुसाची चाचणी होईल का ते विचारा. निबर झालेलं फुप्फुस पुन्हा मऊ होत नाही, पण धूळ थांबवली तर पुढचं नुकसान कमी करता येतं. असबेस्टॉसिस हा १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या यादीतला आजार होता, आणि २०२५ मध्ये त्या कायद्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या यादीतही तो आहे, म्हणून कुठल्या गॅरेजात कधीपासून कधीपर्यंत होता ते एका वहीत लिहून ठेवा. आपण कधी बेळगावला दाखवतो, कधी कोल्हापूरला. एका दवाखान्याचे कागद दुसरीकडे आपोआप पोहोचत नाहीत, तेव्हा प्रत्येक एक्स-रे आणि रिपोर्ट मागून घ्या आणि पुढच्या वेळी बरोबर न्या.