एकट्याने तपास खेळताय? या चुका टाळा

पावसात गोव्यातल्या डिचोलीची वीज गेली की माझा तपास सुरू होतो, म्हणजे एकट्याने खेळायचा, फासे टाकत गुन्ह्याची गोष्ट रचायचा रोलप्लेइंग खेळ. दोन फासे, एक वही, एक बॅटरी. गेल्या आषाढातली केस अशी: रायबंदरच्या फेरी धक्क्याजवळ प्रेत आणि त्याच्या खिशात चोडणातल्या जमिनीचा एक-चौदाचा उतारा (गोव्याचा सातबाराच म्हणा). दोन तासांत केस बुडाली. खुनी भाटकारच, म्हणजे जमीनदारच, हे मी पहिल्याच पानावर ठरवून टाकलं होतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. समोर गेममास्टर, म्हणजे खेळ चालवणारा माणूस नाही, म्हणजे गुपित राखणारंही कोणी नाही. उत्तर आपल्यालाच ठाऊक असेल तर फासे नुसते खुळखुळतात. ब्रिंडलवूड बे या खेळात खुनी कोण हे आधी ठरलेलंच नसतं. मिळालेले धागे जुळवून तर्क मांडायचा, मग दोन फाशांच्या बेरजेत धाग्यांची संख्या मिळवायची आणि केसची काठिण्यपातळी वजा करायची. १० किंवा जास्त आले तर तर्क खरा. ७ ते ९ आले तर खरा, पण भानगडीसकट. त्याखाली चुकला. ही युक्ती दुसऱ्या खेळालाही बिनदिक्कत जोडा.

पुरावा फाशांमागे कोंडू नका. खोली धुंडाळायला फासे टाकले, अपयश आलं, की केस ठप्प. रॉबिन लॉझ यांच्या गमशू पद्धतीत योग्य कसब घेऊन योग्य जागी पोचलात की मुख्य पुरावा मिळतोच. मी फासे टाकतो ते फक्त किंमत ठरवायला: वेळ किती गेला, कोणी पाहिलं का.

आता ओरॅकल, म्हणजे गेममास्टरच्या जागी फासे टाकून प्रश्न विचारायचा होय-नाहीचा तक्ता. त्याला ऊठसूट कौल लावू नये. माझ्या केसमध्ये शब्दांच्या वेगळ्या तक्त्यातून ‘ताजं’ आणि ‘पेय’ हे शब्द आले, म्हणून बारवाल्याच्या तोंडी घातलं, ‘सांजेला मेलेल्याने ताजी हुर्राक, काजूची दारू, घेतली.’ बारवाला खोटं बोलतोय का, असं तक्त्याला विचारलं. ओरॅकल म्हणालं, नाही. मी निमूट पुढे गेलो! अरे, काजूचा हंगाम मे महिन्यात आटोपतो, आषाढात ताजी हुर्राक कुठली? जे गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक, ते फाशांना कशाला विचारायचं? पण माझा डोळा भाटकारावर.

प्रत्येक अनपेक्षित घटनेला नवा संशयितही आणू नका. मिथिक या गेममास्टरविना खेळायच्या पद्धतीत पात्रांची आणि अर्धवट राहिलेल्या कथासूत्रांची यादी ठेवतात आणि बऱ्याच घटना त्या यादीतल्याच कशाला तरी चिकटतात. माझी मर्यादा पाच माणसं. केस अडली तर त्यांच्यापैकी एकाला काहीतरी करायला लावा: पळू दे, धमकी देऊ दे.

वहीत धाग्यामागे एकच ओळ: काय, कुठे, कोणाकडून. कादंबरी लिहायला बसलात की तपास राहतो बाजूला.

तीच केस परवा पुन्हा काढली, भाटकाराला मोकळं सोडून. धागे ६, काठिण्यपातळी ६, फासे ३ आणि ४. एकूण सात. बारवाला सापडला, पण एक-चौदाचा उतारा मांडवी नदीत भिजून लगदा झाला होता.