केबिन फिल्टर घरीच बदलायचाय? आधी एवढी तयारी करून ठेवा

बहुतेक गाड्यांमध्ये केबिन फिल्टर, म्हणजे एसी-ब्लोअरमधून गाडीत येणारी हवा गाळणारा फिल्टर, बदलायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. काम रखडतं ते तयारी नसल्यामुळे. ग्लोव्ह बॉक्स सोडवून बाजूला ठेवलेला असतो, जुना फिल्टर निघालेला असतो आणि नवा आणलेला दोन्ही बाजूंनी चार-चार मिलिमीटर कमी भरतो. मग 'चालतंय' म्हणत तोच आत सरकवला जातो आणि सगळी मेहनत तिथेच वाया जाते. बाजूला फट मिळाल्यावर हवा फिल्टरच्या घड्यांमधून कशाला जाईल? म्हणून तयारी करताना एवढं धरून ठेवा की फिल्टर भारीतला आहे की साधा, यापेक्षा तो आपल्या गाडीच्या खाचेत फट न ठेवता आणि योग्य दिशेने बसतो की नाही, हे जास्त महत्त्वाचं आहे. पुढे सांगितलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट याच्याचसाठी आहे.

सुरुवात गाडीसोबत आलेल्या ओनर्स मॅन्युअलपासून करा. फिल्टर कुठे आहे, हे आधी तिथून पक्कं करायचं. बहुतेक गाड्यांमध्ये तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. काहींत बॉनेट उघडल्यावर पुढच्या काचेच्या खाली, वायपरजवळच्या प्लास्टिकच्या जाळीखाली असतो. काहींत डॅशबोर्डच्या खाली, पाय ठेवतो तिथे मधल्या कन्सोलच्या बाजूला असतो आणि त्यासाठी अक्षरशः आडवं पडून काम करावं लागतं. तिसऱ्या प्रकारची गाडी असेल तर दुप्पट वेळ हाताशी ठेवा. इलेक्ट्रिक गाडीलाही केबिन फिल्टर असतो. इंजिन नाही म्हणून इंजिनाचा फिल्टर नसतो, पण माणसं आत श्वास घेतातच. काही मॉडेलच्या खालच्या व्हेरिएंटमध्ये मात्र कंपनीकडून फिल्टर बसवलेलाच नसतो. जागा असते, वर बंद झाकण असतं. हे आधी न पाहता फिल्टर विकत घेतला तर तो घरात पडून राहतो.

फिल्टर घ्यायला जाताना नुसतं 'एअर फिल्टर' म्हणू नका, हातात इंजिनाचा फिल्टर पडेल. 'केबिन फिल्टर' किंवा 'एसीचा फिल्टर' असं स्पष्ट सांगा. सोबत गाडीचं मॉडेल, व्हेरिएंट, इंधन आणि बनावटीचं वर्ष लागतं. सतरा अंक-अक्षरांचा चासी नंबर असेल तर सगळ्यात उत्तम, कारण एकाच नावाच्या गाडीत मधल्या बदलानंतर फिल्टरचं माप बदललेलं असू शकतं. माझा आग्रह याहून पुढचा आहे. शक्य असेल तर आदल्या दिवशीच जुना फिल्टर बाहेर काढा, त्याच्या कडेवर छापलेला पार्ट नंबर मोबाईलमध्ये टिपून घ्या, लांबी-रुंदी-जाडी मिलिमीटरमध्ये मोजा आणि जसा होता तसा परत बसवा. एवढ्याने तीन कामं होतात. नवा फिल्टर चुकत नाही, ग्लोव्ह बॉक्स सोडवण्याची रंगीत तालीम होते आणि कोणता पाना लागतो तेही कळतं. आत फिल्टर एक अखंड आहे की दोन तुकड्यांत आहे, हेही तेव्हाच दिसतं. दोन तुकडे असलेल्या गाड्यांमध्ये एकच बदलून दुसरा आत विसरला जाण्याची शक्यता असते, कारण दुसरा पहिल्याच्या मागे किंवा खाली दडलेला असतो.

जुना फिल्टर बाहेर आला की तो उजेडात नीट बघा. वरून करडा दिसणं साहजिक आहे. घड्या थोड्या फाकवून तळापर्यंत बघा. धूळ तळाशी दाबून बसली असेल, पानांचे देठ अडकले असतील, कडेचा फोम तुटला असेल तर मुदतीची वाट बघू नका. बऱ्याच मॅन्युअलमध्ये साधारण 15,000 ते 30,000 किलोमीटर किंवा एक-दोन वर्षं अशी मुदत दिलेली असते, पण धुळीच्या रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीला ती जास्तच ठरते. तुंबलेल्या फिल्टरने एसी कमी गार वाटतो, तेवढं चालवून घेता येईल. पण पुढच्या काचेवर येणारी हवाही कमी होते आणि पावसाळी किंवा थंड हवेत काचेवरची वाफ लवकर जात नाही. समोरचं धूसर दिसत असताना गाडी चालवावी लागणं ही गंभीर गोष्ट आहे.

आता कोणता घ्यायचा? साधा फिल्टर पांढरा असतो आणि कण अडवतो. दुसरा करडा-काळसर असतो, त्यात अॅक्टिव्हेटेड कार्बनचा थर असतो आणि तो कणांबरोबर धुरातले काही वायू आणि वासही धरून ठेवतो. या कार्बनच्या एका ग्रॅममध्ये बारीक छिद्रांमुळे काही शे चौरस मीटर इतका पृष्ठभाग असतो, वायूचे रेणू त्याला चिकटतात. ही जागा भरली की काम थांबतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. फिल्टर स्वच्छ दिसत असतानाही वास आत येऊ लागतो. परागकण साधारण 10 ते 100 मायक्रोमीटरचे (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात, ते साध्या फिल्टरलाही अडतात. 2.5 मायक्रोमीटर आणि त्याहून बारीक कण अडवण्यात मात्र फिल्टर-फिल्टरमध्ये बराच फरक पडतो. केबिन फिल्टरच्या चाचणीसाठी आयएसओ 11155 हे मानक आहे, त्याचा पहिला भाग कणांचा आणि दुसरा वायूंचा. खोक्यावर त्याचा उल्लेख असेल तर घेताना तो एक चांगला आधार. रोज ट्रक-बसच्या मागून जावं लागत असेल, घरात कोणाला दमा असेल, लहान मूल मागच्या सीटवर बसत असेल, तर मी डोळे झाकून कार्बनवाला घ्या म्हणेन. मात्र कार्बन फिल्टर कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही. म्हणून बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून आत बसायचं नाही, फिल्टर कितीही नवा असो.

जुनाच धुऊन किंवा हवा मारून परत वापरावा का, हा प्रश्न हमखास येतो. खोक्यावर 'धुता येतो' असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर नाही. बऱ्याच फिल्टरच्या तंतूंवर विद्युतभार असतो, बारीक कण त्यावर खेचले जातात. धुतल्याने तो कमी होऊ शकतो. जोराच्या हवेने तंतू सैल होतात. आणि ओलसर राहिलेल्या फिल्टरवर बुरशी धरली तर ती थेट आपल्या तोंडावर येते.

हत्यारं फार लागत नाहीत. काही ग्लोव्ह बॉक्स नुसत्या हाताने निघतात, काहींना फुलीचा स्क्रू ड्रायव्हर पुरतो, काहींना टॉर्क्स टी-20 (चांदणीच्या आकाराच्या टोकाचा ड्रायव्हर) किंवा 7, 8, 10 मिलिमीटरचा सॉकेट लागतो. नेमकं काय ते तालमीच्या दिवशी कळलेलं असेलच. खटके उचकटायला लोखंडी स्क्रू ड्रायव्हर वापरू नका, डॅशबोर्डवर कायमचे ओरखडे पडतात. प्लास्टिकची पट्टी घ्या. डोक्याला लावायची टॉर्च असेल तर फार सोय होते, कारण आत दोन्ही हात लागतात आणि मोबाईल दातात धरून काम होत नाही. पातळ तोंडाचा व्हॅक्युम क्लीनर, मऊ ब्रश, किंचित ओलसर फडकं, मास्क, हातमोजे, खाली अंथरायला जुना कागद, स्क्रू ठेवायला वाटी, जुना फिल्टर टाकायला मोठी पिशवी आणि एक मार्कर. मास्क टाळू नका. फिल्टर बाहेर ओढताना वर्षभराची धूळ अगदी नाकासमोर असते.

गाडी सपाट जागी, सावलीत, हवेशीर ठिकाणी लावा. ब्लोअर (आत हवा फेकणारा पंखा) बंद, इग्निशन बंद, चावी बाहेर. चावीऐवजी बटण असेल तर रिमोट गाडीपासून दूर ठेवा. खूप गारठ्यात हे काम करू नका, थंड प्लास्टिक कडक होतं आणि खटके कटकन तुटतात. ग्लोव्ह बॉक्स आदल्या रात्रीच रिकामा करा आणि त्यातली कागदपत्रं एका पिशवीत घालून मागच्या सीटवर ठेवा. शेजारची सीट पूर्ण मागे सरकवा.

काही सोडवण्याआधी फोटो काढा. ग्लोव्ह बॉक्सच्या एका बाजूला बहुतेक वेळा बारीक दोरी किंवा छोटा दांडा असतो, झाकण हळू उघडावं म्हणून. त्याचं टोक एका छोट्या खुंटीत अडकवलेलं असतं. ते सरळ ओढायचं नाही, आधी बाजूला सरकवून मग काढायचं. हाताने त्या खुंटीला आधार द्या, कारण ती मोडली तर पुढे कायम ग्लोव्ह बॉक्स धाडकन मांडीवर पडत राहतो. मग दोन्ही बाजूंच्या भिंती आत दाबल्या की अडवणारे टेकू सुटतात, बॉक्स पूर्ण खाली झुकतो आणि मागे लांबट आयताकृती झाकण दिसतं. इथे एक सावधगिरी सगळ्यात वरची. त्या भागात प्रवाशाची एअरबॅग असते, काही गाड्यांत गुडघ्यांचीही. पिवळ्या रंगाचे कनेक्टर किंवा पिवळ्या आवरणातल्या तारा दिसल्या तर त्यांना हात लावायचा नाही. फिल्टरपर्यंत पोहोचायला त्या सोडवाव्या लागत असतील, तर ते काम सरळ वर्कशॉपला द्या.

दिशेची तयारी जुना फिल्टर खाचेत असतानाच करायची. त्याचा फोटो घ्या, कोणती बाजू वर होती ते मार्करने लिहा, मगच तो सावकाश बाहेर काढा. आडवा बसलेला असेल तर आडवाच ठेवून ओढा, तिरका झाला की वरचा कचरा थेट ब्लोअरमध्ये पडतो आणि मग एक सुकं पान महिनोन्महिने टकटक करत राहतं. फिल्टरच्या कडेवर बाण असतो. सोबत 'एअर फ्लो' लिहिलं असेल तर तो हवेची दिशा दाखवतो. 'अप' लिहिलं असेल तर वर कोणती बाजू ठेवायची तेवढंच सांगतो. या दोन बाणांत गल्लत होते, तेव्हा शब्द वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. आधीच्या माणसाने फिल्टर उलटा बसवला असेल तर काय? तेव्हाही धूळ खरं सांगते. जी बाजू जास्त मळलेली, तिकडून हवा आत येते. नव्यावरचा 'एअर फ्लो'चा बाण त्या बाजूकडून दुसरीकडे जाणारा हवा. थरांच्या फिल्टरमध्ये जाड थर आधी आणि बारीक थर नंतर अशी रचना असते, उलटा बसवला तर बारीक थर लवकर तुंबतो.

रिकाम्या खाचेत टॉर्च मारा. कडांची धूळ व्हॅक्युमने ओढा, ब्रश आतल्या दिशेने फिरवू नका. फिल्टर ज्या काठावर टेकतो तो फडक्याने पुसा, तिथे खडा राहिला तरी फट राहते. उंदराच्या लेंड्या किंवा कुरतडलेला कागद दिसला तर कोरडं झाडू नका आणि व्हॅक्युमही लावू नका, त्यातून रोगजंतू हवेत उडतात. हातमोजे-मास्क घालून आधी जंतुनाशकाने भिजवा, थोडा वेळ थांबा, मग टिपून काढा. पाणी ब्लोअरच्या मोटरपर्यंत ओघळणार नाही इतकंच भिजवा. घाण खोलवर गेलेली दिसली तर तिथेच थांबा आणि वर्कशॉपला दाखवा.

नवा फिल्टर जोर न लावता सरकला पाहिजे. फ्रेम नसलेला मऊ फिल्टर थोडा वाकवून आत घालायचा असतो, पण आत गेल्यावर तो पूर्ण सरळ झाला का, हे बोटाने चारही कडा चाचपून बघा. झाकण सगळ्या खटक्यांसह बसलं पाहिजे. बसत नसेल तर फिल्टर तिरका आहे, झाकण दाबू नका. ग्लोव्ह बॉक्स लावायच्या आधी इंजिन सुरू न करता नुसतं इग्निशन चालू करून ब्लोअर एक-एक पायरी वाढवत पूर्ण वेगावर न्या. झाकणाच्या कडेपाशी हात धरून हवा ओढली जात नाही ना, शिट्टीसारखा किंवा फडफडीचा आवाज येत नाही ना, हे तेव्हाच बघा.

नवा फिल्टर लावूनही कुबट वास येत असेल तर तो बहुधा एसीच्या कूलिंग कॉइलवरच्या बुरशीचा असतो, किंवा पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबलेली असते. शेजारच्या सीटखालचा गालिचा ओला लागतो का ते चाचपा. ते वेगळं काम आहे, त्याच दिवशी खाचेतून फवारे मारत बसू नका. जुना फिल्टर न झटकता पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. तारीख, किलोमीटर आणि पार्ट नंबर झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहा. गाडी उद्या दुसऱ्याकडे गेली तरी त्याला ते उघडल्याबरोबर दिसेल.