जुन्नर ते नाणेघाट: घोड्यांसह तीन दिवसांचा मुक्काम

जुन्नर ते नाणेघाट हे अंतर जेमतेम 30 किलोमीटर. वाटेत लेण्याद्रीची लेणी, कुकडी नदी, माणिकडोह धरणाचा फुगवटा आणि घाटघरची झाडी, सगळे ओळीने येते. तीन दिवस ठेवले तर घोडा दमत नाही. बेत आखताना मात्र आधी रात्रीचे मुक्काम ठरवावेत आणि मग वाट. माणूस गैरसोयीत एक रात्र काढतो, पण पाणी आणि नीट बांधायला जागा मिळाली नाही तर घोड्याचा दुसरा दिवस वाया जातो.

काळ नोव्हेंबर अखेर ते जानेवारी. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही आठवडे डांस, म्हणजे चावऱ्या मोठ्या माश्या, फार असतात आणि त्यांच्या चाव्यातून सर्रा हा घोड्यांच्या रक्तातला रोग पसरतो. फेब्रुवारीनंतर ओढे आटतात, वणवे लागतात. शनिवार-रविवारी नाणेघाटावर गाड्यांची रीघ असते, म्हणून मधले वार धरा.

निघण्यापूर्वी

सगळ्यात जास्त चूक वजनात होते. स्वार, खोगीर आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यावर जाऊ नये. वजनकाटा नसेल तर टेप घ्या. पुढच्या पायांमागे छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या, म्हणजे ढुंगणाच्या, टोकापर्यंत लांबी, दोन्ही सेंटीमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880, म्हणजे अंदाजे किलो. घेर 150 आणि लांबी 140 असेल तर घोडा 265 किलोचा, आणि त्याला 53 किलो पुरे. धनगरांच्या वाड्याबरोबर चालणारी भीमथडी तट्टे चिवट असतात खरी, पण चिवटपणाने हा हिशेब बदलत नाही. वजनदार स्वाराने मोठा घोडा घ्यावा, आणि तंबू-भांडी टेम्पोने पुढे पाठवावीत.

नाल निघण्याच्या आठ-दहा दिवस आधी मारून घ्या. खिळा वेडावाकडा बसला असेल तर लंगडेपणा दोन-तीन दिवसांत दिसतो आणि सुधारायला वेळ उरतो. आदल्या दिवशी नाल मारली तर तो मुक्कामावर दिसेल. जादा दोन नाला, खिळे आणि सांडशी बरोबर असू द्या.

पशुवैद्यकाकडून आरोग्य प्रमाणपत्र घ्या. घोडा वाहनातून न्यायला ते लागतेच. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची तपासणीही करून घ्या. 2006 मध्ये हा रोग महाराष्ट्रात पुन्हा आढळला होता आणि तो माणसालाही होतो. वाटेतल्या गावांच्या सामाईक हौदावर घोडा पाजू नका, आपली बादली वापरा. वनजमिनीवर मुक्काम करायचा तर वनविभागाची लेखी परवानगी हवी. त्यापेक्षा गावकऱ्यांना विचारून कापणी झालेल्या खाचरात राहणे सोपे आणि सुरक्षित.

चारा आणि पाणी

265 किलोच्या घोड्याला रोज साडेपाच-सहा किलो सुका चारा, दीड-दोन किलो खुराक तीन वेळांत विभागून, 25 ग्रॅम मीठ आणि 20 ते 30 लिटर पाणी लागते. हरभरे सहा-आठ तास भिजवून तोबऱ्यातून द्या. आधी पाणी, मग खुराक. चारा घरचाच न्या. अचानक बदललेला चारा हे पोटशूळाचे नेहमीचे कारण, त्यामुळे नवीन काही द्यायचे असेल तर आठवडाभर आधीपासून थोडे थोडे मिसळा. उसाचे वाढे किंवा कोवळी ज्वारी कुणी प्रेमाने दिली तरी नको म्हणा. देवळांच्या आवारात कण्हेर असते, लाल आणि पिवळी दोन्ही. तिची थोडी पानेही घोड्याच्या जिवावर उठतात. रानात घाणेरी आणि बिब्ब्याच्या झाडापासून दूर बांधा.

वाट

पहिला दिवस लेण्याद्रीचा, जुन्नरपासून सुमारे पाच किलोमीटर. वर जायला पायऱ्या आहेत, घोडे खालीच राहतात. संरक्षित स्मारकात जनावर नेणे नियमानेही चालत नाही. दोन गट करा, एक वर जाईल आणि दुसरा घोड्यांपाशी थांबेल. घोडे कड्याखाली बांधू नका. लेण्यांच्या कपारींत आग्यामोहोळ असते, आणि धूर किंवा उग्र वासाने ते उठते. बांधलेल्या घोड्याला पळता येत नाही. किमान 300 मीटर अंतर ठेवा, चूल तिथे पेटवूच नका.

दुसऱ्या दिवशी आपटाळ्यावरून चावंडच्या दिशेने, पूर गावच्या कुकडेश्वर मंदिरापर्यंत. हा पल्ला मोठा आहे. सपाटीवर ताशी सहा आणि चढावर चार किलोमीटर धरा, दर तासाला दहा मिनिटे उतरून तंग, म्हणजे खोगीराचा पोटाखालचा पट्टा, सैल करा. या टप्प्यातला खरा धोका धरणाच्या काठाचा. पाणी ओसरले की गाळ वरून सुकून भेगाळतो, पण आत लोण्यासारखा असतो, आणि घोडा पोटापर्यंत रुततो. गुरांच्या खुरांची मळलेली वाट सोडू नका. वाट नसेल तर आधी माणसाने काठी रोवत जावे. नदी गुडघाभर पाण्यातच ओलांडा. घोडा पाण्यात थांबून पाय आपटू लागला तर तो लोळायच्या बेतात आहे. लगेच टाच मारून पुढे काढा, नाहीतर खोगीरासकट बसेल.

तिसरा दिवस घाटघर आणि नाणेघाटाचा. कातळावर लोखंडी नाल घसरते, तिथे उतरून घोडा हाताने चालवा. नळीत, म्हणजे घाटाच्या अरुंद घळीत, घोडा उतरवू नका, पायऱ्या झिजल्या-फुटल्या आहेत. तो पठारावरच ठेवून सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख असलेली गुहा आणि जकातीचा दगडी रांजण पायी पाहा.

रात्रीची दावण

या भागात मुरमाखाली लगेच कातळ लागतो, त्यामुळे मेख पक्की बसत नाही. अगाडी-पिछाडीची, म्हणजे पुढून-मागून दोरांनी बांधून घेण्याची, सवय नसलेला घोडा एका झटक्यात ती उपटतो. त्यापेक्षा दोन दणकट झाडांमध्ये, जमिनीपासून दोन मीटर उंच, जाड दोर ताणा. झाडाला गोणपाट गुंडाळा, म्हणजे साल सोलत नाही. दोन घोड्यांत तीन मीटर अंतर. मोहरकीचे (तोंडावरच्या दोरखंडी पट्ट्याचे) दावे इतकेच लांब की तोंड जमिनीला टेकेल, पण ढील जमिनीवर लोळणार नाही. ढील राहिली तर पाय अडकतो आणि खुरावरचे कातडे दोराने भाजल्यासारखे सोलवटते. गाठ टोक ओढताच सुटणारी हवी. दावण पाण्यापासून 60 मीटर लांब ठेवा.

जुन्नर हा बिबट्यांचा मुलूख आहे. माणिकडोहला बिबट निवारा केंद्रच आहे. शिंगरू आणू नका. तंबू दावणीच्या दोन्ही बाजूंना लावा, रात्रभर दिवा ठेवा, पाळीने एक जण जागा राहू द्या. मांसाहाराचे उरलेसुरले जवळ टाकू नका. बिबट्या दिसलाच तर वनविभागाचा 1926 हा क्रमांक आहे.

सकाळी खरारा करताना पाठ आणि तंगाची जागा बोटांनी चाचपा. गरम किंवा दुखरी लागली तर त्या दिवशी खोगीर नको. विश्रांतीत नाडी मिनिटाला 28 ते 44 असते, लहान तट्टाची थोडी जास्त, आणि ताप 38.5 अंश सेल्सिअसच्या वर नसावा. घोडा पोटाकडे वळून पाहतो, लोळतो, लीद टाकत नाही, तर चारा काढून घ्या, हळूहळू चालवत ठेवा आणि 1962 वर पशुवैद्यकाला बोलवा. निघताना लीद पसरून टाका आणि उरलेला कडबा त्याच गावच्या गुरांना द्या.